लोखंड तरंगतं, असं सर म्हणाले

“लोखंड पाण्यावर तरंगतं,” पडद्यावरचे तोडकर सर म्हणाले, “कारण ते स्वभावानंच हलकं असतं.”

समोरच्या भिंतभर छोट्या चौकटींत दिसणाऱ्या हजारभर विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या.

सोलापूरच्या दूरशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत उभी राहून यामिनी तोडकर हे बघत होती. सर तिचे वडील. गेल्या वर्षी ते गेले, पण पडद्यावर त्यांच्या शर्टाच्या खिशाला खडूची पूड अजून लागलेली होती. त्यांच्या जुन्या ध्वनिचित्रित तासांवरून संस्थेनं हा प्रतिगुरू घडवला होता: शिकवणारी, ऐकणारी आणि वर्गाचे चेहरे बघून पुढचं वाक्य ठरवणारी यंत्रबुद्धी.

“बघितलंत ना?” संचालक डॉ. हलगीकर शेजारच्या पडद्यावरून म्हणाले. ते पुण्याहून जोडले गेले होते. “मागच्या तासाला यानं शिकवलं की सूर्य सोलापुरावर जरा जास्त वेळ थांबतो. पार बिघडलाय. आज पुसून टाकू. वारस म्हणून तुमची संमती तेवढी द्या.”

यामिनी स्वतः कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. हे वाक्य बाबांचं असूच शकत नाही, असं तिला वाटलं. आणि पाठोपाठ वाटलं, हे त्यांचंच आहे.

“शकील, अगदी पहिली चूक कोणती होती?”

प्रतिगुरू बांधणारा शकील बागवान मान खाजवत म्हणाला, “किरकोळ होती, ताई. पाणी शंभर अंशांना गोठतं म्हणाले. आम्हाला वाटलं, जीभ घसरली.”

“यंत्राची जीभ?”

“तेच मी साहेबांना म्हटलं होतं.”

“बाबा मुद्दाम चुकायचे. प्रत्येक तासाला एक चूक सोडून द्यायचे आणि कुणी पकडतंय का बघायचे. नाही पकडली, तर पुढची आणखी मोठी. घरीही तेच. पाहुण्यांना सांगायचे, आमच्या यामिनीला कारलं फार आवडतं, आणि मी ओरडेपर्यंत पानात वाढत राहायचे.”

शकील खुर्चीत सावरून बसला. “म्हणजे बिघाड नाहीच. सर करतील तसं कर, एवढंच आम्ही त्याला शिकवलंय. पण मजल लोखंड तरंगण्यापर्यंत गेली, म्हणजे आजवर एकानंही हरकत घेतलेली नाही.”

“वर्गाचं लक्ष मोजणारा अवधान-मापक काय दाखवतो?”

“जवळपास शंभर टक्के.”

“बरोबर आहे,” संचालक समाधानानं म्हणाले.

“माझ्या वर्गात साठ पोरं असतात, त्यांतला एक तरी खिडकीबाहेर बघतो. इथे हजारात कुणी जांभईसुद्धा देत नाही?”

शकील ओशाळला. “ते पूरकप्रतिमेमुळे असेल, ताई. खेड्यापाड्यात नेट सारखं जातं. बिचाऱ्यांची गैरहजेरी लागायची, तक्रारी यायच्या. म्हणून जोडणी तुटली की यंत्र त्या माणसाचा चेहरा अंदाजानं भरून काढतं. वेळ पडली तर दोन शब्द बोलतंही.”

“आणि त्या अंदाजात माणूस कायम लक्षच देत असतो.”

“वरून तशीच सूचना होती. मान डोलावलेली बरी दिसते.”

“म्हणजे नेट बंद केलं की हजेरी लागते. हे पोरांच्या कधी लक्षात आलं असेल?”

“पहिल्याच तासाला, बहुतेक.”

त्यानं वर्गापुरती पूरकप्रतिमा बंद केली. भिंत भराभर काळी पडत गेली. शेवटी एकच चेहरा उरला. बार्शीच्या एक बाई होत्या. त्या खुर्चीत मान टाकून प्रामाणिकपणे झोपल्या होत्या.

यामिनीनं माइक ओढला. “सर, लोखंड बुडतं.”

प्रतिगुरू थांबला. चष्म्यावरून बघत म्हणाला, “चला. कुणीतरी आहे म्हणायचं.”

यामिनीनं पाण्याची बाटली उघडली आणि बराच वेळ पीत राहिली. मग संचालकांकडे वळली. “साहेब, वर्ग रिकामा आहे, हे तुम्हाला सांगणारा हा एकटाच होता. याला पुसायला मी संमती देणार नाही.”

“उत्तम. पुढे चला.”

ती जरा थबकली. संचालकांची मान एका लयीत हलत होती.

“शकीलचा पगार दुप्पट करावा म्हणते.”

“योग्य सूचना आहे.”

शकीलची खुर्ची करकरली.

“आणि संस्थेचं मुख्यालय चंद्रावर हलवावं.”

“उत्तम. पुढे चला.”

शकीलनं जोडणी तपासली आणि आवाज खाली आणला, खरं तर त्याची काही गरज नव्हती. “साहेबांचं नेट मघाशीच गेलंय. ‘बरोबर आहे’ म्हणाले ना, तेव्हाही ती त्यांची पूरकप्रतिमाच होती.”

“बैठकीचा निर्णय कोण नोंदवतं?”

“यंत्रच. बैठकीच्या अध्यक्षांनी, म्हणजे साहेबांनी, हो म्हटलं की कायम.”

“साहेब,” यामिनी अगदी नम्रपणे म्हणाली, “प्रतिगुरू आहे तसाच ठेवायचा. पूरकप्रतिमा आजपासून बंद. ठरलं?”

“योग्य सूचना आहे.”

शकील नोंद वाचत होता. “ताई, पगाराचंही चढलंय.”

“आणि चंद्राचं?”

“तेही.”

“ते साहेब बघून घेतील.”

मोठ्या पडद्यावर सर फळा पुसून पुन्हा उभे राहिले होते. समोर बार्शीच्या झोपलेल्या बाई आणि कोपऱ्यात ही दोघं, एवढाच वर्ग. “चंद्राला स्वतःचा प्रकाश असतो,” सर म्हणाले, “मात्र मंद.”

“ताई, चूक,” शकील कुजबुजला आणि माइककडे हात नेला.

यामिनीनं माइक उचलला आणि खुर्चीत बसून आपल्या मांडीवर ठेवला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “थांब रे. आणखी थोडं चुकू दे त्यांना.”