चोपन्न तासांतले पंधरा सेकंद

चोपन्न तासांच्या फिल्ममधून नेमके पंधरा सेकंद शोधायचे, आणि तेही वीस मिनिटांत! एरवी असं कोडं कुणी घातलं असतं, तर शलाका हात चोळत पुढे सरसावली असती. आज मात्र तिचे हात गार पडले होते, कारण त्या पंधरा सेकंदांत तिची आई होती.

शलाका अकरा वर्षांची. राहणार तांबडवाडी, मंगळ. वस्ती इनमिन तेवीस माणसांची. तिची आई सुनेत्रा सकाळी गाडी घेऊन बर्फाच्या खाणीवर गेली होती. नऊ वाजता धुळीचं वादळ उठलं. सव्वानऊला रेडिओवर आईचा आवाज आला, "परत येतेय. सातव्या निशाणापाशी रस्ता सोडून वळतेय, पुढे काही दिसत नाही." त्यानंतर नुसती खरखर. आता घड्याळात दहा चाळीस झाले होते आणि आईच्या गाडीतली हवा दुपारी एकपर्यंतच पुरणार होती.

खाली दरवाजाशी हुसेनकाका हवेच्या टाक्या लादलेली गोगलगाय घेऊन खोळंबले होते. गोगलगाय म्हणजे वस्तीची आपोआप चालणारी मदतगाडी. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. आईपर्यंत पोचायला तिला दोन तास लागणार, म्हणजे अकराच्या आत निघायलाच हवं. पण निघून जायचं कुठे? वस्तीच्या मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्याने आईला वळताना टिपलं असणार. ते दृश्य दिलं, की गोगलगाय आईच्या गाडीचा कोन आणि वेग मोजून वाट काढणार होती. मात्र तिचा मेंदू जुना. पंधरा सेकंदांहून मोठी फिल्म ती घेतच नसे.

बाकीची मोठी माणसं भाजीघराचा फाटलेला घुमट धरून उभी होती. खोलीत होते फक्त शलाका आणि आबा. आबा म्हणजे आईचे वडील, डॉ. त्र्यंबक देऊसकर. मंगळावरचा दगड नुसता हाताने चाचपून त्याचं वय सांगणारा माणूस! पण कालच त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांवर जाडजूड पट्टी होती. म्हणजे पाहायचं शलाकाने आणि सांगायचं आबांनी.

"पडद्यावर खाली लांब पट्टी दिसते का? तीच टाइमलाइन (काळाची पट्टी). डावीकडे फिल्मची सुरुवात, उजवीकडे शेवट. त्यावर एक उभी रेघ असेल, ती सरकवून हव्या त्या क्षणावर जायचं. तिथे सुरुवातीची खूण करायची, मग पुढे जाऊन शेवटची खूण. दोन खुणांच्या मधला तुकडा म्हणजे आपली निवड."

शलाकाचं बोट बटणावरच अडलं होतं. "आबा, चुकीच्या जागी खूण झाली आणि फिल्म तिथेच कापली गेली तर? आई दिसतेय तेवढाच भाग गेला तर?"

"वेडी गं! पुस्तकात आवडलेल्या पानावर खुणेची पट्टी ठेवतेस, तेव्हा पान फाटतं का? खूण म्हणजे नुसता पत्ता. इथून इथपर्यंत, एवढंच ती सांगते. मूळ फिल्म मनोऱ्याच्या साठवणीत जशीच्या तशी राहते. दहादा चुकलीस तरी चालेल. वेळ तेवढा घालवू नकोस."

शलाकाला जरा धीर आला. पट्टीवरचे आकडे फिल्म सुरू झाल्यापासूनचे तास-मिनिटं दाखवत होते. कॅमेरा परवा सकाळी सहाला सुरू केला होता. परवा सहा ते आज सहा अठ्ठेचाळीस तास, पुढे सव्वानऊपर्यंत सव्वातीन. म्हणजे एक्कावन्न तास पंधरा मिनिटं. तिने रेघ तिथे नेली. सातव्या निशाणापाशी आईची पांढरी गाडी होती!

"सापडली!" ती ओरडली. भराभर दोन्ही खुणा करून तिने 'पाठवा'वर बोट नेलं.

"थांब. गाडी कुठे वळतेय?"

"वळत नाहीये. सरळ चाललीये."

"आणि आभाळ?"

"स्वच्छ आहे."

आबांचा चेहरा पडला. "वादळ नऊला उठलं, शलाके. सव्वानऊला आभाळ स्वच्छ कसं असेल? ही सुनेत्रा खाणीकडे जातानाची आहे, परततानाची नव्हे."

शलाकाने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. गोगलगाय भलत्याच दिशेला गेली असती आणि तिने स्वतःच्या हाताने तिला पाठवलं असतं! तिला रडू फुटलं.

"अहो, काय चाललंय काय?" स्पीकरमधून हुसेनकाकांचा आवाज आला. "दहा मिनिटं राहिली!"

"रडायचं असेल तर रड," आबा हळूच म्हणाले. "पण रडता रडता मला सांग, फिल्म एकूण किती लांब आहे?"

शलाकाने नाक पुसलं. "चोपन्न तास. पण... असं कसं? परवा सहापासून आपण फिल्म उघडली त्या दहा चाळीसपर्यंत बावन्न तास आणि चाळीसच मिनिटं होतात." ती एकदम खुर्चीतून उठलीच. "आबा! थांबवेळ!"

मंगळाचा दिवस पृथ्वीच्या घड्याळापेक्षा एकोणचाळीस मिनिटं आणि पस्तीस सेकंदांनी मोठा असतो. त्यावर तांबडवाडीने पहिल्या वर्षापासून एक युक्ती काढली होती. मध्यरात्री वस्तीतली सगळी घड्याळं तेवढा वेळ बंद राहायची. तिला म्हणायचे थांबवेळ. सगळे गाढ झोपलेले असायचे, त्यामुळे हा वेळ कुणी हिशेबात धरतच नसे. घड्याळ झोपायचं, कॅमेरा मात्र टक्क जागा!

"टाइमलाइनला आपलं घड्याळ माहीतच नाही," शलाका म्हणाली. "ती पहिल्या चित्रापासून मोजत सुटते. दोन रात्री गेल्या, म्हणजे एकोणऐंशी मिनिटं आणि दहा सेकंद जास्त!"

"आणि मी म्हातारा, चार वर्षं थांबवेळेत घोरत पडलेला, मला हे सुचू नये!" आबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पट्टीखाली कळ आल्यावर ते कळवळले.

बावन्न तास, चौतीस मिनिटं. रेघ तिथे पोचली. तांबूस धूळ, डुलणारं निशाण, आणि त्यापाशी पुसट होत चाललेली पांढरी गाडी. तिची चाकं डावीकडे वळत होती. शलाकाला पडद्यात हात घालून ती गाडी धरून ठेवावीशी वाटली. आता तिने घाई केली नाही. एकेक फ्रेम (चित्रपट्टीतलं एक स्थिर चित्र) पुढे नेत, जिथे चाक रस्ता सोडतं तिथे तिने पहिली खूण केली. एका सेकंदात पंचवीस फ्रेम, पंधरा सेकंदांच्या तीनशे पंचाहत्तर. तेवढ्या पुढे जाऊन तिने दुसरी खूण केली आणि तुकडा पाठवला.

पडद्यावर लाल अक्षरं आली: 'फ्रेम ३७६. घेता येत नाही.'

"मी नीट मोजल्या होत्या!"

"एक ते सात निशाणांमध्ये मोकळी अंतरं किती?"

"सहा. अन् निशाणं सात... हां! दोन्ही टोकांची चित्रंसुद्धा निवडीत धरली जातात!"

शेवटच्या खुणेपाशी नुसती धूळ होती. तिने ती खूण एक फ्रेम अलीकडे ओढली. हिरवी अक्षरं उमटली. दहा सत्तावन्नला गोगलगाय दरवाजाबाहेर पडली.

मग सुरू झालं वाट पाहणं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. शलाका आबांचा हात धरून बसली. कुणाचा हात जास्त गार आहे, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. बारा वाजले. साडेबारा. एक वाजायला दोन मिनिटं असताना रेडिओ खरखरला.

"तांबडवाडी, टाक्या मिळाल्या. गाडी रेतीत रुतली होती, गोगलगाय ओढतेय. माझी पोरगी जेवली का?"

आबांच्या डोळ्यांची पट्टी ओली झाली. डॉक्टरांनी रडायला सक्त मनाई केली होती, पण ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी आईने तो तुकडा पाहायला मागितला. शलाका तिच्या मांडीला मांडी लावून बसली. पांढरी गाडी वळली, पुसट झाली, दिसेनाशी झाली आणि पडदा स्थिर झाला. आई पडद्याकडे वाकली.

"इथे संपलं?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं," शलाका म्हणाली. "इथे फक्त माझी खूण संपते. कॅमेरा थांबला नव्हता."

तिने दोन्ही खुणा पुसल्या आणि रेघ पुढे सरकवली. धूळ, आणखी धूळ. तासन्‌तास नुसती धूळ. मग त्या धुळीत दोन अंधूक दिवे दिसले. पुढे गोगलगाय होती, आणि तिच्यामागे, दोराला बांधलेली, आईची पांढरी गाडी घरी येत होती.