भाव पाडून मागा

"हे माझ्या बाबांनी लिहिलेलं नाही," मुलगी म्हणाली आणि तिने फोन टेबलावर ठेवला. "पण त्यांना शेवटचा निरोप द्यायला आलेले लोकसुद्धा हेच कुजबुजत होते."

वहिनींनी चष्मा लावला. नवरा गेल्यापासून त्या खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे दीर, भाऊजी, निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबर फिरू लागले होते. भाऊजींच्या मते ते मदत करत. वहिनींच्या मते, सोबत.

मुलीचे वडील घरांचे एजंट. एका दुपारी एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या फोनवरून एका घराच्या दिवाणखान्याचा फोटो गेला. खाली मजकूर होता : 'घरधनी अडला आहे. भाव पाडून मागा. मिळेल त्यात देईल.'

ज्याचं घर विकायचं त्याचीच अडचण अशी चव्हाट्यावर मांडायची, यासारखा त्या धंद्यात विश्वासघात नाही. ग्रुपच्या ॲडमिनने त्यांना लगेच काढून टाकलं. जुन्या ओळखीचे लोकही फोन उचलेनासे झाले. महिन्याभरात, झोपेतच, त्यांचं हृदय थांबलं.

"त्यांनी इन्कार नाही केला?" वहिनींनी विचारलं.

"कधीच नाही. 'फोन माझा, जबाबदारी माझी,' एवढंच म्हणायचे. आणि तो फोटो मोठा करकरून बघत बसायचे."

"फोनला लॉक?"

"आईच्या आजारपणात काढलं होतं, कुणालाही पटकन फोन लावता यावा म्हणून. आई गेल्यावर परत घातलंच नाही."

मुलीला घेऊन दोघं ॲडमिनकडे गेले. ते उंच, कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. ग्रुपवर सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. त्यांनी नियम घडाघडा म्हणून दाखवले : ग्राहकाची निंदा नाही, दुसऱ्याची पार्टी पळवायची नाही, सकाळी सकाळी फुलांची चित्रं टाकायची नाहीत.

"काढण्याआधी त्यांना विचारलंत?"

हेडमास्तर जरा घुटमळले. "सगळे बोंबलत होते हो. नंतर विचारलं, तर ते काही बोललेच नाहीत."

"त्या दुपारी तुम्हीही त्या घरी होतात."

"घर बघायला पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, घेऊन गेलो होतो. घरमालक, हिचे बाबा, आम्ही सगळे गच्चीवर होतो. मी एकदा गाडीतून मापाची टेप आणायला खाली उतरलो, तेवढंच. त्यांचा फोन खाली चार्जिंगला होता."

भाऊजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजर टाकली. जुना प्रतिस्पर्धी बाजूला झाला तर कुणाचं फावणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. वहिनी मात्र म्हणाल्या, "चला हेडमास्तर, तुम्हीही या. ते घर पाहू."

दार घरमालकाने उघडलं. दिवाणखान्यात बोललेलं घुमत होतं. मध्ये जेवणाचं टेबल, त्याच्या खुर्च्या, आणि खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत त्याची आई. बाकी भिंती मोकळ्या.

"सोफा त्या मेसेजच्या आधीच विकून टाकला होता," तो म्हणाला. "बसायला एवढ्याच खुर्च्या. त्या मेसेजने माझंच नुकसान झालं. लोक पाण्याच्या भावात घर मागायला लागले. आईसाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती, तेही राहिलं."

"त्या दुपारी तुम्ही खाली आला होतात?"

"एकदा आलो. आईला औषध द्यायला."

आजींनी मुलीला हाताने जवळ बोलावलं. "एजंटसाहेबांची लेक ना तू? नाकावरून ओळखलं. हल्ली येत नाहीत ते. रागावलेत का गं?"

मुलाने मान खाली घातली. त्याने आईला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"फार भला माणूस," आजी बोलतच राहिल्या. "घरधनी माझा मुलगा, पण ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी विचारायचे मला. कसा टाकतात तेही शिकवलं."

वहिनींचा चेहरा असा उतरला, की भाऊजींना वाटलं, त्यांना बरं नाही.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "इथे उभं राहून या टेबलाचा फोटो काढा."

भाऊजींनी काढला.

"काय दिसतं?"

"टेबल. वर पाण्याचे डाग."

"आता ग्रुपवरचा फोटो बघा. टेबलाचा वरचा भाग दिसतच नाही, नुसती कडेची पट्टी दिसते. तो काढणाऱ्याचा हात टेबलाच्याच उंचीवर होता."

"म्हणजे बसून काढला. खुर्चीवर."

"सगळ्या खुर्च्या फोटोत आहेत, आणि रिकाम्या आहेत. सोफा नव्हताच."

"कुणी उकिडवं बसलं असेल," भाऊजी हट्टाने म्हणाले.

"असेल. मग शब्द पाहा. हेडमास्तर, घर विकणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

"पार्टी. आम्ही सगळेच."

"आणि या चिरंजिवांना स्वतःच्याच घराचा भाव पाडायला लावून काय मिळणार होतं? 'घरधनी' हा शब्द या घरात एकाच तोंडून ऐकला आपण."

बोलता बोलता वहिनी चाकांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या होत्या. आवाजात जिंकल्याची खूण नव्हती. "भाव पडला की हा घर विकणार नाही, असं वाटलं ना आजी?"

"तिथली खोली बघून आला होता हा. खिडकीसुद्धा नाही म्हणे. मला वाटलं, चिडेल, विकायचं सोडून देईल. साहेबांना चार लोक बोलतील, मग विसरतील. मी सांगणार होते त्यांना. कुठे आहेत ते?"

"बाबा गेले, आजी," मुलगी म्हणाली.

आजींनी पदर तोंडाशी नेला. मुलगा ओरडला, "आई! तू काय करून बसलीस हे?"

"एजंटसाहेबांना कळलं होतं," वहिनी त्याला म्हणाल्या. "दिवसाला चार घरांचे फोटो काढणारा माणूस. मोठा करून पाहिला तेव्हाच ओळखलं असणार. पण सांगितलं असतं, तर आईचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी तिकडे पोचवलं असतं. इतक्या वर्षांचं नाव त्यांनी त्यापायी घालवलं."

मुलगा खुर्चीत मटकन बसला. हेडमास्तरांनी फोन काढला. "मी ग्रुपवर खरं काय ते लिहितो. आत्ताच."

"आजींचं नाव नको," मुलगी म्हणाली. "बाबांनी ते लिहिलं नव्हतं, आणि तुम्ही न विचारता काढलंत, एवढंच लिहा."

हेडमास्तरांनी तेवढंच लिहिलं. पाठवताना त्यांना अक्षरं नीट दिसत नसावीत. दोनदा चष्मा पुसला.

निघताना आजींनी मुलीचा हात धरला. "शेवटी काय म्हणाले गं माझ्याबद्दल?"

"काहीच नाही," मुलगी म्हणाली. "तुमच्याबद्दल शब्दही कधी काढला नाही."

मघापासून हुंदका आवरून धरलेल्या आजी तेव्हा मात्र लहान मुलासारख्या रडल्या. भाऊजी दाराशी पोचले होते. मुलीने पर्स खाली ठेवली, एक खुर्ची ओढली आणि ती आजींजवळ बसली. वहिनींनी बाहेरून दार अलगद ओढून घेतलं.