रक्तातलं एक अक्षर

"सुई नंतर, आधी नाव सांगा. अनोळखी बाईला मी रक्त देत नाही."

मी चमकून वर पाहिलं. अथेन्समधल्या आमच्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला येणारे लोक घाबरलेले असत, नाहीतर कंटाळलेले. हा मात्र... चक्क हसत होता.

"मिर्सिनी," मी पुटपुटले. "बाही वर करा."

त्याचं नाव लाम्प्रोस. इपिरसच्या डोंगरातला, लग्नांमधून क्लॅरिनेट वाजवणारा. वडील तोंडाच्या कर्करोगानं गेले, म्हणून स्वतःहून आला होता.

"एवढं काय शोधता रक्तात?" नळी भरत आली तसं त्यानं विचारलं.

"रक्त गोठवणारी जनुकं. काहींच्या जनुकात एखादंच अक्षर बदललेलं असतं. अशांना हा आजार जास्त होतो का, ते बघतोय."

"मग माझं अक्षर कसंय?"

"ते मलाही कळणार नाही. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा."

"अरेरे! म्हणजे तुमच्या लेखी मी आकडा?"

मला हसू फुटलं. तोही मान मागे टाकून खळाळून हसला — आणि माझं हसू विरलं. त्याच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता.

"तोंड उघडा पाहू... पुन्हा."

"इतक्या लवकर?" त्यानं डोळा मिचकावला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "हिवाळ्यापासून आहे तो. दात लागतो, दुसरं काय!"

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला."

"आणि त्यांनी जीभच कापली तर? वाजवू कशानं?"

"तुमचे वडील डॉक्टरांकडे कधी गेले होते?"

त्यानं बाही खाली ओढली. "...उशिरा," म्हणाला, आणि उठला.

आजाराची नुकतीच सुरुवात होती. छोट्याशा शस्त्रक्रियेत सगळं निघालं. महिन्याभरानं वाजवताही येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण आठ दिवस बोलायचं नाही! मी रोज दुपारी रुग्णालयात दालचिनी घातलेली तांदळाची खीर घेऊन जायची. खिडकीतून नारंगीच्या मोहोराचा वास यायचा. तो वहीत लिहायचा, मी लाजत उत्तरं द्यायची.

'सापडलं का माझ्या रक्तात काही?'

"तुझं एकट्याचं कळणारच नाही; आणि अभ्यासाचं उत्तर इतक्यात कसं? सगळ्यांचे आकडे जुळवायला वर्ष लागेल."

'मग वर्षभर येशील?'

माझे कान तापले. तो पुन्हा लिहू लागला, तशी मी पेन्सिलच धरली.

"थांब... आज मी बोलते. वर्षभर नाही, लाम्प्रोस. त्याच्या पुढेही. तुझं अक्षर कसंही असो."

वही त्याच्या मांडीवरून घसरून खाली पडली. ती उचलायला दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.