टाकीबाहेरचे बूट

“तिला काही सांगू नकोस. तो तिला दिसला, तर तिच्याशी तरी बोलेल.”

हे सासूबाई म्हणाल्या, आणि जिच्याबद्दल म्हणाल्या ती ग्लासांची क्रेट पोटाशी धरून दाराआड उभी होती. लग्नाला दोन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तिला एक कळलं होतं, की गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात, आणि दाराआड उभ्या असलेल्या माणसासमोर तर फारच मोकळं.

“आणि काय बोलेल?” हा तिच्या नवऱ्याचा आवाज.

 शेडच्या पत्र्यावर पाऊस तेवढा तडतडत राहिला.

तो म्हणजे उंदीर असावा, असं तिने आधी ठरवून टाकलं. जिथे धान्याची पोती, तिथे उंदीर आलाच. मग लक्षात आलं, की उंदीर बोलत नाही. तिने क्रेट जरा घट्ट धरली, खाकरली आणि आत गेली.

घर बिअर बनवणाऱ्यांचं होतं. अंगणाच्या एका टोकाला राहायच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला शेड, शेडमध्ये माणसापेक्षा उंच अशा चार चकचकीत टाक्या. वर्षातून एकदा गावाबाहेरच्या मैदानावर क्राफ्ट बिअरचा महोत्सव भरायचा आणि यंदा पहिल्यांदाच ती स्टॉलवर उभी राहणार होती. त्यातून दोन पिंपं तिची स्वतःची. सूनबाईचं नाक भलतंच तिखट आहे हे सासऱ्यांनी आठवड्याभरात ओळखलं, संत्र्याची साल आणि मिरी घालून बघायची तिची कल्पना ऐकून घेतली आणि एक अख्खी टाकी तिच्या हवाली केली. बिअर उतरली तेव्हा पहिला घोट घेऊन ते बराच वेळ छताकडे बघत राहिले, मग खडू उचलून फळ्यावर नाव लिहिलं, ‘सूनबाई’. वादळाचा इशारा तीन दिवसांपासून होता. तरी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

त्या पायांत गुडघ्यापर्यंतचे पिवळे गमबूट होते. या घरात सगळ्यांचे बूट सारखेच; वेगळेपण फक्त घोट्यापाशी लाल रंगाने काढलेल्या खुणेत. सासऱ्यांच्या दोन रेघा, सासूबाईंची फुली, नवऱ्याचा त्रिकोण. तिचा ठिपका. तो काढताना सासऱ्यांनी कारणही सांगितलं होतं. टाकी रिकामी झाली की कुणीतरी आत उतरून ती घासतं. उतरण्याआधी बूट काढायचे आणि शिडीच्या पायथ्याशी ठेवायचे, टोकं टाकीकडे करून. बूट दिसले म्हणजे आत माणूस आहे. ते तिथे असेपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही.

“हा नियम थोरल्याने केला,” ते म्हणाले होते. थोरला म्हणजे त्यांचा मोठा मुलगा. तो सहा वर्षांपूर्वी गेला, एवढंच तिला तोवर ठाऊक होतं. सासूबाईंना सोसत नाही म्हणून घरात त्याचा फोटोही नव्हता. “आणि मोडलाही त्यानेच. आंबताना वायू सुटतो ना, तो टाकीच्या तळाशी साचून राहतो. दिसत नाही. मी आलो, शिडीपाशी बघितलं, बूट नव्हते. मी झाकण लावलं.” ब्रश त्यांच्या हातात तसाच राहिला. “गोल होता त्याचा. ते बूट नंतर कुठेच सापडले नाहीत. असं कसं रे, म्हणून विचारायला तरी तो हवा होता.”

तेव्हा तिने ठिपक्यावर फुंकर घातली होती, रंग वाळावा म्हणून.

मैदानावर पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि आभाळ दिवेलागणीसारखं काळवंडलं होतं. एवढ्या पावसात कोण कशाला येतंय, असं सासूबाई वाटभर म्हणत आल्या. आले मात्र सगळेच. तंबूखाली उभं राहायला जागा नव्हती. ओल्या लोकरीचा, चिखलाचा, हॉप्सच्या कडू फुलांचा असा एक वास दाटला होता. कापड वाऱ्याने फुगायचं, खांब कुरकुरायचे आणि प्रत्येक कडकडाटाला माणसं ग्लास उंच धरून ओरडायची. वीज जणू पैसे देऊन बोलावली होती. तिला हसू येत होतं. नळ ओढायचा, ग्लास तिरका धरायचा, वर दोन बोटं फेस ठेवायचा... तिचे हात असे चालत होते, की हे हात आपलेच ना, म्हणून तिने एकदा बघूनही घेतलं.

“ही सूनबाई कडू आहे का हो?” एका गिऱ्हाइकाने फळा वाचून विचारलं.

“सुरुवातीला नाही,” सासरे म्हणाले, “मागाहून लागते.”

रांगेत हशा पिकला. नवराही हसला. तो तंबूच्या कडेला खांब धरून उभा होता, अर्धा आत, अर्धा पावसात.

मग महोत्सवात वाजवणाऱ्या बँडमधला ट्रम्पेटवाला आला. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. “सूनबाईचं दुसरं पिंप लावा,” तो म्हणाला. “पहिलं वाटेत हललंय, नुसता फेस येईल. तुमचा तो मागचा माणूस म्हणाला.”

“कोण मागचा?” सासऱ्यांनी विचारलं. “आम्ही चौघंच आहोत.”

“तो नाही का, अनवाणी. दर वर्षी असतो की.”

सासूबाईंच्या हातातला ग्लास भरून वाहायला लागला. त्यांनी नळ बंद केला नाही. त्या तिच्याकडे बघत होत्या, नवरा पावसाकडे.  तिला भीती वाटली, नाही असं नाही. पण लहानपणी लपाछपीत कुणाचीतरी चाहूल लागावी, तसं काहीतरी त्या भीतीच्या आत होतं.

“मी बदलते पिंप,” ती म्हणाली, आणि पडद्याआड गेली.

मागे दोन कापडांच्या मध्ये बोळकांडी होती. एक दिवा, पिंपांची ओळ, घोटाभर चिखल. पुढचा गोंगाट इथे गोधडीखालून आल्यासारखा येत होता. आणि वास... ओल्या कापडाचा नव्हे, तर टाकीचं झाकण नुकतं उघडल्यावर येतो तसा, आंबट सफरचंदाचा. तिने श्वास घेतला, तर तो अर्ध्यावरच संपला.

शेवटच्या पिंपापाशी एक माणूस उकिडवा बसला होता. त्याची पावलं चिखलात होती आणि कोरडी होती. स्वच्छ, नखं कापलेली पावलं. तो तिच्या चेहऱ्याकडे नाही, बुटांकडे बघत होता.

“ठिपका,” तो म्हणाला. “नवीन दिसतेस.”

“...हो.”

“बाबांनी काढलाय. त्यांचा हात थोडा डावीकडे जातो.” त्याने बोटाने हवेत एक वर्तुळ काढलं. “माझा गोल.”

पडद्यापलीकडे लोकांनी गाणं धरलं होतं. तिने पिंपाच्या कडेला हात टेकला. कड बर्फासारखी गार होती.

“मी ठेवले होते,” तो म्हणाला. आवाज अगदी हळू, तक्रारीचा सूरसुद्धा नाही. “शिडीपाशी. टोकं टाकीकडे करून. धाकट्याने वरून हाक मारली... दादा, माझे फाटलेत, बाहेर धो धो पडतंय, तुझे नेऊ का, दहा मिनिटांत आणतो. मी म्हटलं, ने...”

त्याने पुन्हा तिच्या बुटांकडे बघितलं.

“मग बाबा आले. बूट नव्हते ना.”

वीज कडाडली आणि दिवा गेला. अंधारात तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला, आता पुरा, आतपर्यंत जाणारा. दिवा परत लागला तेव्हा पिंपापाशी कुणी नव्हतं. चिखलात दोन पावलांएवढी जागा मात्र कोरडी होती, उन्हात भाजलेल्या मातीसारखी भेगाळलेली.

ती पुढे आली ती थेट खांबापाशी. नवऱ्याच्या पायांवरून तंबूच्या पागोळ्यांची धार वाहत होती. ती खाली बसली, कमरेचं फडकं काढलं आणि त्याच्या बुटाचा घोटा पुसला. सहा वर्षं बसलेला त्रिकोण खपली निघावी तसा निघून फडक्याला आला. खाली गोल होता.

“नको बघूस,” तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. “अगं... मला यायला दोन तास लागले. वाटेत गाडी रुतली. आलो तर अंगणात सगळी माणसं जमलेली. आणि बाबा म्हणत होते, बूट नव्हते, बूट नव्हते... मग कसं सांगणार होतो? तूच सांग.”

त्याच्या आवाजात सहा वर्षांचा अंधार होता, हे तिला कळलं. वाईटही वाटलं. पण पलीकडे सासरे ग्लास उंच करून कुणाच्या तरी विनोदावर हसत होते, आणि हसून झाल्यावर त्यांची नजर सवयीने जमिनीवर गेली, तिथे असलेल्या प्रत्येकाच्या पायांवरून एकदा फिरली. दोन महिने ती हे बघत होती. घरी, बाजारात, दवाखान्यात. आज त्याचा अर्थ लागला.

“काढा,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने बूट काढले. तिने ते नेऊन टेबलाखाली, क्रेटच्या मागे ठेवले. काय करायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. नवरा तिचा होता आणि दोनच महिन्यांचा होता. थोरल्याला तर तिने आजच पाहिलं.

साडेपाचला वारा पडला. ‘सूनबाई’ची दोन्ही पिंपं सगळ्यांत आधी संपली होती आणि लोक रिकामे ग्लास वाजवून आणखी मागत होते. सासऱ्यांचा चेहरा इतका उजळलेला तिने कधी पाहिला नव्हता. “पुढच्या वर्षी दोन टाक्या तुझ्या,” ते म्हणाले. “पण त्यासाठी तुला तोंड उघडून भांडावं लागेल माझ्याशी. आहे तयारी?”

सगळं सामान व्हॅनमध्ये चढलं. सासूबाईंनी तिला बाजूला ओढलं. “मागे कुणी होतं का गं?” त्यांची बोटं गार होती. “काही बोललं का?” शेजारी नवरा अनवाणी उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल.  तो तिच्याकडे बघत होता.

तेव्हा तिची नजर व्हॅनच्या मागच्या दाराकडे गेली. दारासमोर, पावसाने धुतलेल्या गवतावर, पिवळ्या बुटांची एक जोडी ठेवलेली होती. नीट, जवळजवळ, टोकं व्हॅनकडे करून. टेबलाखालून ते कुणी काढले? टेबल तर केव्हाच घडी होऊन आत गेलं होतं. तिने वाकून घोट्याला बोट लावलं. त्रिकोणाचा मागमूस नव्हता. गोल होता, आणि त्याचा लाल रंग तिच्या बोटाला लागला. ओला होता. थोडाही डावीकडे न गेलेला.

व्हॅनच्या आत, रिकाम्या पिंपांच्या मागे, कुणीतरी लोखंडावर हळूच ठकठक केलं.

पलीकडच्या बाजूने सासरे आले. बूट त्यांना दिसले नव्हते. खुशीत काहीतरी गुणगुणत त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. नवऱ्याने डोळे मिटले, आणि एवढ्या दिवसांत कुणी ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात ती म्हणाली,

“बाबा, दार लावू नका. गोलाचे बूट बाहेर आहेत. थोरल्यांनी ते त्या दिवशीही ठेवले होते.”