लॉजच्या जिन्यावरचा अनवाणी माणूस

भव्या, तो मोबाईल ठेव बघू आधी. लाइट गेलेत तर गेलेत, येतील. रविकिरण, तू इकडे सरक. पांढऱ्या साडीतल्या बायका, उलटे पाय, असलं काही माझ्याकडे मिळणार नाही. हे आमच्या हयवदनच्या बाबतीत घडलंय, आणि हयवदन काही थापा मारणारा माणूस नव्हे.

बंगळुरात बसवनगुडीला त्याचं कापडाचं दुकान आहे, आणि तो फ्रीमेसन लॉजचा, म्हणजे त्या जुन्या गुप्त मंडळाच्या तिथल्या शाखेचा सभासद. लोक काय वाट्टेल ते बोलतात त्या लॉजबद्दल! अरे, आजारी माणसांना चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची मशीनं फुकट वापरायला देतात, ते नाही कोणी सांगत. ती मशीनं ठेवायच्या खोलीची किल्ली हयवदनकडे. शिवाय सभा चालू असताना बंद दाराबाहेर तलवार घेऊन पहारा द्यायचा मानही त्याचाच. सभा संपेपर्यंत जागा सोडायची नाही. फारच निकड असली तर दार ठोठावायचं, मग आतून कोणीतरी येतं.

दोन हजार चोवीस, जानेवारीची बारा तारीख, शुक्रवार. संध्याकाळचे सात. आत नव्या सभासदाचा शपथविधी चाललेला. वसुमतीअक्का जिना चढून आल्या. जे. पी. नगरच्या, आपल्यातल्याच. नवऱ्यासाठी मशीन हवं होतं. विठोजीरावांची फुफ्फुसं पार गेलेली, आणि घरचा ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आलेला.

"स्वल्प बसा अक्का, शपथ झाली की लगेच देतो," हयवदन म्हणाला.

"सरी अण्णा, बरं, बसते."

बिचारी! भिडेपोटी घाई आहे एवढंही म्हणाली नाही. आणि हा शहाणा! ठोठावायचं ना दार! पण शपथ मध्येच कशी तोडायची, म्हणून राहिला उभा.

साडेसात झाले. जिन्यावर पावलं वाजली. लुंगी, अंगावर शाल, पाय अनवाणी. असेल कोणी पेशंट, असं हयवदनला वाटलं.

तो माणूस बाकाजवळ थांबला. अक्कांकडे बघत राहिला. खूप वेळ. त्यांनी मान वर केली नाही.

मग तो दारापाशी आला.

"मशीनची... आता घाई नाही."

"तुम्ही कोण?"

"घरचाच..."

मग म्हणाला, "तिला एकटीला घरी पाठवू नका."

हयवदननं वळून अक्कांकडे पाहिलं. परत समोर पाहिलं.

जिना रिकामा...

तेव्हा त्यानं दार ठोठावलं. जो बाहेर आला त्याच्या हातात तलवार दिली, मशीन आणि त्याच्या मास्कचं नवं पाकीट उचललं आणि अक्कांना घेऊन ऑटोत बसला. मास्कचं पाकीट मांडीवर धरून त्या म्हणत होत्या, "आज तरी त्यांना झोप लागेल हो."

घराला बाहेरून कुलूप. त्यांनीच घातलेलं. त्यांनीच उघडलं.

दिवा लावला.

पलंगावर तोच. तीच शाल...

पाय गार.

डॉक्टर म्हणाले, साडेसातच्या सुमाराला गेले.

हयवदन त्या बाईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. "अक्का, मी दार ठोठावायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "मीही बोलायला हवं होतं, अण्णा." दोघांनी एकमेकांचा मान राखला रे, आणि माणूस गेला. थांबा, डोळे पुसू द्या जरा.

पुढच्या आठवड्यात हयवदन मशीन परत आणायला गेला. मास्कचं पाकीटही मागितलं. अक्कांनी ते दाखवलं, पण दिलं नाही.

मागच्या महिन्यात मी स्वतः जाऊन बघून आलो. पारदर्शक पाकीट, अजून सीलबंद आहे. कुठेही फाटलेलं नाही. अक्का ते उशाशी घेऊन झोपतात. आतल्या मास्कवर, नाक येतं त्या जागी, श्वासाची वाफ धरते...

विरते...

परत धरते.