तीन नंबरवर बसणारी तेजश्री

ज्याला हे खोटं वाटेल, त्यानं खुशाल इथेच थांबावं.

माझं दुकान खालापुरात आहे, तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि तीन कॉम्प्युटर. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. रोज सरकारी वेबसाइटशी भांडणाऱ्या बाईला भुताची काय भीती?

पण मागच्या वर्षी सोळा डिसेंबरला, मंगळवारी, भर दुपारी दोन वाजता जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आधी तेजश्रीबद्दल सांगते.

गणपतीनंतर ती यायला लागली. सत्तावीसेक वर्षांची. लोधिवलीला खोली घेऊन राहायची, एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. रोज दुपारी दोनला यायची आणि तीन नंबरवर बसायची. त्याची स्क्रीन मागून कोणाला दिसत नाही, म्हणून.

पहिल्याच दिवशी तिनं मला हळूच विचारलं.

"ताई, मी हितं काय बघितलं ते कुनाला कळतं का?"

मला वाटलं, हिचं काहीतरी लफडं असणार. मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तिचा नवरा सुनील, कर्जतजवळच्या कळंबचा. मारायचा. एका रात्री ती नेसत्या कपड्यांनिशी घरातून निघाली. सहा वर्षांची लेक जागृती आजीच्या कुशीत झोपली होती, तिला उचलता आलं नाही. सापडली तर सोडणार नाही, असं सुनील गावभर सांगत फिरत होता.

जागृतीच्या शाळेचं इंटरनेटवर एक पान होतं. त्यावर मुलांचे फोटो यायचे. तेजश्री फक्त तेवढंच बघायची.

मग मी तिला सगळं शिकवलं. खाजगी विंडो कशी उघडायची, ती काळी असते. लोकेशन बंद ठेवायचं. कुठेही नाव टाकायचं नाही, फोटो कितीही आवडला तरी लाइक द्यायचा नाही. मोबाईल तर तिच्याकडे नव्हताच. "तू इथे येतेस हे देवालाही कळणार नाही," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

नोव्हेंबरात ती खोकायला लागली. अगदी फिकट पडली. आरोग्य कार्ड काढू या, म्हणून मीच मागे लागले. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. मोबाईलच्या रकान्यात मी माझा नंबर टाकला, ज्यांच्याकडे फोन नसतो त्यांचा टाकते तसाच. तिनं आधारच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पावती निघाली.

पण अंगठा दिल्याचा मेसेज माझ्या फोनवर आलाच नाही...

आपल्याकडे घरातल्या सगळ्यांच्या आधारला एकच नंबर असतो. घरच्या पुरुषाचा. तेजश्रीच्या आधारलाही लग्नानंतर सुनीलचाच नंबर लागला होता. दिवसभर हेच काम करणारी मी, मला ते विचारायचं सुचलं नाही.

मेसेज कळंबला गेला. माझ्या दुकानाच्या नावासकट.

पाचव्या दिवशी एक माणूस झेरॉक्स काढायला आला. बराच वेळ तीन नंबरकडे बघत उभा होता. मी त्याला ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेजश्री जुन्या हायवेच्या कडेला मेलेली सापडली.

गाडीनं उडवलं, असं कागदावर आलं. गाडी कोणाची, ते कधीच कळलं नाही.

आणि मग तो मंगळवार.

दुकानात मी एकटीच डबा खात होते. तीन नंबर बंद होता. मीच बंद केला होता.

टिक...

माऊसचा आवाज.

टिक... टिक...

मी उठून बघितलं. खुर्ची रिकामी. स्क्रीनवर काळी विंडो उघडलेली, आणि शाळेचं पान. लेझीमच्या रांगेत तिसरी जागृती. फोटो हळूहळू मोठा होत होता.

बाजूच्या अंगठ्याच्या मशीनचा दिवा लाल झाला होता. त्यावर बोट कोणाचंच नव्हतं.

मी घाबरले. पण भीतीपेक्षा रडू जास्त आलं.

"तेजश्री, माझं चुकलं गं," मी म्हणाले.

आवाज थांबला. मी वाट बघितली. थोड्या वेळानं पुन्हा टिक... टिक...

त्यानंतर ती रोज आली. मी दोन वाजता तीन नंबरवर कोणाला बसू देत नव्हते. बिघडलाय, सांगायचे.

जानेवारीत शाळेनं पानाला कुलूप लावलं. परकी माणसं मुलांचे फोटो बघतात, अशी पालकांची तक्रार होती. आता पालकांच्या नंबरवर ओटीपी आला तरच ते पान उघडणार होतं. शाळेचं बरोबरच होतं. पण त्या दुपारी काळ्या विंडोत नुसता एक रिकामा रकाना होता, आणि एकच बटण कोणीतरी पुन्हा पुन्हा दाबत होतं... पाच वाजेपर्यंत.

फेब्रुवारीत एक म्हातारी नातीला घेऊन आली. सुनेच्या मृत्यूचा दाखला घ्यायला नगरपंचायतीत आली होती, त्याची झेरॉक्स हवी होती. दाखल्यावरचं नाव मी दोनदा वाचलं.

तेजश्रीची सासू, येसूबाई. त्या मेसेजमधलं दुकान हेच, हे तिला माहीत नव्हतं. शाळेत पालकांचा नंबर द्यायचाय, तोही फॉर्म इथंच भर म्हणाली.

"सुनीलचाच टाक पोरी. घरात सगळ्यांचा त्योच हाय."

जागृती न विचारता तीन नंबरच्या खुर्चीत जाऊन बसली. अर्ध्याच खुर्चीत. अर्धी मोकळी ठेवून.

मी सुनीलचा नंबर टाकला. दहाही आकडे पुसले गेले... पुन्हा टाकला. पुन्हा पुसले गेले.

जागृती बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघून हसत होती.

मी माझा नंबर टाकला. तो राहिला.

नंबर बदलल्याचं मी येसूबाईला सांगितलं नाही. तिनं जागृतीला हाताला धरून उठवलं आणि दोघी कर्जतच्या गाडीला गेल्या.

तेव्हापासून रोज दुपारी दोनला माझ्या फोनवर ओटीपी येतो. मागणारं दुकानात कोणी नसतं. खाली लिहिलेलं असतं, हा आकडा कोणालाही सांगू नका.

मी तो मोठ्यानं वाचते. एकेक आकडा, सावकाश.

तीन नंबरच्या कीबोर्डवर सहा वेळा आवाज येतो.

मग मी शटर अर्धं ओढून बाहेर पायरीवर बसते. दुसऱ्याच्या लेकराच्या नावाला आपला नंबर लावणं बरोबर नाही, हे मला कळतं. तरी तो बदलायला माझा हात उठत नाही.