चाळीसाव्या सेकंदाला

खोटं वाटेल, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तैवानमधलं शिंचू. गेल्या डिसेंबरातली मंगळवारची दुपार.

आमची कंपनी घरी वापरायची श्वासयंत्रं बनवते. तीस यंत्रं दुसऱ्या दिवशी इस्पितळामार्फत रुग्णांकडे जायची होती आणि एक दोष काही केल्या जात नव्हता.

नळीचा सेन्सर निघाला, की बरोबर चाळीस सेकंदांनी यंत्र बंद पडायचं.

कारण कळलं होतं. सेन्सर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, एक टायमर होता. सेन्सर निघाला तरी तो चालूच राहायचा. वेळ भरली की नसलेल्या सेन्सरला हात घालायचा... आणि सगळं कोसळायचं.

सेन्सर निघताच टायमर रद्द होईल, असं मी केलं.

चाळीस सेकंद... यंत्र बंद.

शेवटी टायमरच प्रोग्राममधून काढून टाकला.

चाळीस सेकंद... बंद.

आणि पडद्यावर दोषाचं कारण म्हणून नाव उमटलं... त्याच टायमरचं.

"जुनाच प्रोग्राम भरलास की काय, शहाण्या?" माझी वरिष्ठ, चिउ ताई, म्हणाली. तिने कोरं यंत्र उघडलं, स्वतःच्या हाताने नवा प्रोग्राम भरला.

चाळीस सेकंद...

ताईचा चेहरा उतरला.

"हा ड्रायव्हर को सरांनी लिहिलेला. त्यांच्या घरी फोन लाव. काही टिपणं असतील."

को सर, आमचे जुने इंजिनिअर, त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. शेवटचे दिवस तेही आमच्याच यंत्रावर होते.

फोन स्पीकरवर लावला. सरांची बायको, को काकू, शांतपणे म्हणाल्या, "टिपणं नाहीत रे. चाळीस सेकंद ना? नळी निसटली तर तेवढ्यात गजर व्हावा, म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. ते गेले त्या दिवशी मी खाली पेज आणायला गेले होते. नळी निसटली... गजर वाजलाच नाही."



तेवढ्यात शेजारच्या खोलीत गजर वाजला.

मग दुसरा...

मग तीसच्या तीस यंत्रांचे. यंत्रं खोक्यांत बंद होती. बॅटऱ्या अजून बसवल्याच नव्हत्या.

फोनवर काकूंचा आवाज कापरा झाला.

"आता वाजवताय होय...?"

हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या. मला त्या अरे-तुरे करायच्या; अहो-जाहो फक्त सरांना.

ताईने ती यंत्रं जाऊ दिली नाहीत. सहा आठवडे खपून आम्ही अख्खा ड्रायव्हर नव्याने लिहिला. यंत्रं बंद पडायची थांबली.

तो टायमर कुठून येत होता, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही. मी तिथेच नोकरी करतो. पण त्या खोलीत एकटा पाऊल टाकत नाही.